थुनेरचा पाला

लेखनाचा मला सराव नाही. अठ्ठावीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले. त्या काळात जे लिहिले ते फळ्यावर, आणि तास संपला की पुसले. हे लिहायलाही मला तीन वर्षे लागली. दर वेळी कागद पुढे घेतला की राग येई, आणि रागाच्या भरात लिहिलेले वाक्य मला सभ्य वाटत नसे. राग आजही तसाच आहे, फक्त सभ्यतेचा आग्रह मी सोडला आहे. ज्यांच्या घरात सध्या केमोथेरपी सुरू आहे आणि फडताळात कोणीतरी मायेने आणून ठेवलेली एखादी पुडी आहे, त्यांनी हे वाचावे एवढीच इच्छा.

गाठ

उजव्या स्तनातली गाठ मला दिवाळीच्या सुमारास हाताला लागली. ती मी सांगितली फाल्गुनात. मधल्या महिन्यांसाठी माझ्याकडे कारणे होती: प्रात्यक्षिक परीक्षा, उत्तरपत्रिका, गावात पाण्याचा टँकर येण्याची अनिश्चित वेळ. खरे कारण लाज हे होते. आमच्या घरात कंबरदुखीसुद्धा आडून सांगतात, तिथे ही गाठ कोणत्या शब्दांत सांगायची, हेच मला चार महिने सुचले नाही. याबद्दल मी स्वतःवर रागावले आहे आणि तो राग ओसरू देण्याची माझी तयारी नाही.

तपासणीचा अहवाल घ्यायला आम्ही चौसाळ्याहून औरंगाबादला गेलो. डॉक्टरांनी तो वाचला आणि माझ्या यजमानांकडे पाहून म्हणाले, "पेशंटला आताच काही सांगू नका." मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. आमच्या दोघांच्या खुर्च्यांत वीतभर अंतर असेल. प्रभाकरांनी मान हलवली. मग डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची, त्यानंतरच्या आठ सत्रांची, खर्चाची आणि धोक्याची सगळी माहिती त्यांना दिली, आणि मी ती परक्या बाईची असावी तशी ऐकली.

परतीची बस गेवराईच्या अलीकडच्या पुलावर आली. गोदावरीच्या पात्रात पाणी नव्हते, फक्त वाळूचे ट्रक होते. पूल ओलांडल्यावर प्रभाकर म्हणाले, "दादाला सांगावं लागेल."

मला कर्करोग आहे हे कळल्यानंतर माझ्या नवऱ्याने मला उद्देशून उच्चारलेले हे पहिले वाक्य. त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगते, दुसरे वाक्य "तू घाबरू नकोस" असे होते.

दादा

दादा म्हणजे माझे थोरले दीर. गावाच्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन. प्रभाकर त्याच संस्थेत सचिव. शेतातल्या घरात आम्ही एकत्र राहतो, आणि त्या वर्षीच्या दुष्काळात घरासमोरच्याच पडीक जमिनीवर संस्थेने चारा छावणी उभारली होती. गावातली जवळजवळ सगळी गुरे तिथे दावणीला होती.

आमच्याकडे धाकट्या सुनेने थोरल्या दिराशी थेट बोलायचे नाही, अशी रीत आहे. तेही सुनेशी थेट बोलत नाहीत. तिसऱ्या माणसाला उद्देशून बोलायचे. "सांग तिला," "विचार त्यांना." मी सकाळी महाविद्यालयात साठ मुलांसमोर मोठ्या आवाजात कार्बनची साखळी समजावीत असे आणि दुपारी घरी येऊन दाराआडून नवऱ्याला म्हणत असे, "दादांना विचारा, भाकरी आता घेणार का." ही विसंगती मला कधी टोचली नव्हती. बोलण्याचा संकोच मुळातच असल्याने रीत माझ्या सोयीचीच होती.

दादा वाईट मनुष्य नाहीत. हे मी पुढे जे लिहिणार आहे त्याआधी सांगणे मला आवश्यक वाटते. शस्त्रक्रियेच्या दिवशी ते रुग्णालयाच्या आवारात निंबाखाली सकाळपासून उपाशी बसून होते.

बाटली

पहिली चार सत्रे लाल रंगाच्या औषधाची झाली. त्यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे, मी पुन्हा लिहीत नाही. केस गेले, चव गेली, पाण्याला लोखंडाचा वास येऊ लागला. टँकरच्या पाण्याला तो आधीपासूनच होता, त्यामुळे फरक कळायला वेळ लागला.

पाचव्या सत्रापासून औषध बदलले. काचेच्या बाटलीत पाण्यासारखा स्वच्छ द्रव होता. सिस्टरांनी आधी ॲलर्जी होऊ नये म्हणून इंजेक्शने दिली, मग थेंब अगदी सावकाश सोडले आणि म्हणाल्या, "मॅडम, छातीत भरल्यासारखं वाटलं तर लगेच हाक मारा, लाजू नका." मी बाटलीवरचे नाव वाचले: पॅक्लिटॅक्सेल.

हे नाव मला पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीपुरते ठाऊक होते. हिमालयात उंचावर एक सदाहरित सूचिपर्णी झाड वाढते, तिकडचे लोक त्याला थुनेर म्हणतात. त्याच्याच कुळातल्या एका झाडाच्या सालीत हा पदार्थ प्रथम सापडला. आता पानांतून त्याचा एक जवळचा घटक वेगळा काढतात आणि प्रयोगशाळेत त्यावर प्रक्रिया करून औषध तयार करतात. पेशी दुभंगताना तिच्या आत सूक्ष्म नलिका उभ्या राहतात आणि काम झाले की मोडतात. हे औषध त्या मोडू देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते.

ती बाटली संपेपर्यंत मी तिच्याकडे पाहत होते. पुस्तकातली एक ओळ माझ्या हातात थेंबाथेंबाने उतरत होती. त्या संपूर्ण वर्षात मला मनापासून आनंद झाल्याचा तो एकच दिवस.

घरी आल्यावर मी उत्साहाने प्रभाकरांना सांगितले, "हे औषध हिमालयातल्या एका झाडातून येतं. थुनेर." शिक्षिकेने अर्धाच धडा शिकवून तास संपवू नये. मी तेच केले.

अभ्यास दौरा

श्रावण कोरडा गेला. छावणीत पेंढ्यांसाठी भांडणे होत होती, आणि अशा वेळी संस्थेचे संचालक मंडळ उत्तरेकडच्या दूध संघांची पाहणी करायला अभ्यास दौऱ्यावर गेले. दूध संघ किती पाहिले ते मला माहीत नाही. बद्री आणि केदार दोन्ही झाले, एवढे प्रसादावरून कळले.

दादा परत आले ते एक फुगलेली गोणपाटाची पिशवी घेऊन. ओसरीवर ती उघडून ते प्रभाकरांना म्हणाले, आणि मी आत दाराशी आहे हे त्यांना ठाऊक होते, "सांग तिला. ज्या झाडाच्या बाटलीसाठी ती एवढ्या लांब जाती, ते झाडच आणलंय म्हणावं."

पिशवीत चपट्या, सुईसारख्या, काळपट हिरव्या पानांच्या वाळलेल्या डहाळ्या होत्या.

"तिथले म्हातारे ह्या झाडाच्या सालीचा चहा पितेत," दादा सांगत होते. "लई वय झालेले, पर काठी न्हाई हातात. साल सोलू देत न्हाईत आता, म्हणून पाला आणला. बाटलीत केमिकल हाय, ह्याच्यात न्हाई."

मी आतून हळू आवाजात प्रभाकरांना म्हटले, "दादांना सांगा, पाल्यात आणखी काय काय असेल ते आपल्याला माहीत नाही. एका झाडात एकच पदार्थ नसतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको."

प्रभाकर ओसरीवर गेले. मला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "दादा, ती घेते म्हणाली."

त्या एका वाक्यासाठी मी त्यांना अजून क्षमा केलेली नाही. त्यांनी विचारले तर सांगते, म्हणून इथेही लिहिते. त्यांचे म्हणणे असे की, एवढ्या प्रेमाने आणलेल्या वस्तूला नाही म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. माझीही झाली नाही. मी बाहेर जाऊन बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जाऊबाईंनी, म्हणजे अक्कांनी, पाला कुटून वस्त्रगाळ केला आणि मधातून एक चमचा माझ्यापुढे धरला.

"डोळे मीट अन् गीळ, शालू. कडू असंल तर गुण येतो."

कडू होते. मी गिळले. तीन सकाळी गिळले. दुसऱ्या दिवशी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. तिसऱ्या दिवशी मनगटावर बोट ठेवले तर ठोका पडायला वेळ लागत होता, एखाद्या आळशी विद्यार्थ्याने उत्तर द्यावे तसा. बोटांची टोके केमोने बधिर झाली होती, म्हणून मला वाटले बोटालाच कळत नसावे. अक्का म्हणाल्या, "आत लागू पडतंय ते."

सूप

दुष्काळात आमच्याकडे खाण्यासारखे काही टाकत नाहीत. कांद्याची साले, भाजीचे देठ, परातीचे धुतलेले पाणी, सगळे जनावराच्या पुढ्यात जाते. पाला चाळल्यावर सुपात जाड पाने आणि डहाळ्यांचे तुकडे उरले होते. तीन दिवसांचे मिळून सूपभर.

गयाबाई मागच्या दाराशी आली होती. ती धनगराची. छावणी मोठ्या जनावरांसाठी होती. तिच्या मेंढरांना चारा मिळत नसे, पण गुरांचे पिऊन झाल्यावर हौदातले पाणी पिऊ द्यायला दादांनी तोंडी परवानगी दिली होती. तिच्या मागे एक चार महिन्यांचे कोकरू येई. कशालाही तोंड लावणारे.

मी सूप तिच्यापुढे केले. "घे, पालाच आहे."

"बाई, देव तुमाला बरं करू," ती म्हणाली आणि तिने पाला कोकरापुढे ओतला. त्याने तो चाटून पुसून खाल्ला. आम्ही दोघी कौतुकाने पाहत होतो.

दोन तासांत ते मेले. आधी थरथरले, मग पुढचे पाय दुमडून बसले आणि परत उठले नाही.

ऊन उतरायच्या आत छावणीत आरडाओरडा सुरू झाला. मी खिडकीतून ऐकत होते. दादा गयाबाईला सांगत होते, "रोग हाय हा. समद्या गावाचं जनावर हितं दावणीला हाय. दिवस मावळायच्या आत मेंढरं हलव."

"मालक, एकच मेलंय. बाकीची पघा की, कशी उड्या मारत्यात. कुठं नेऊ? पाणी न्हाई कुठं."

"ते मला कावून सांगती? हलव म्हणलं ना."

मी फोन उचलला. आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकारी बाईंना विचारले, थुनेरच्या पानांनी जनावर मरू शकते का.

"कोणी खाल्ली? जनावरानं?"

"जनावरानं. आणि मी."

"शालिनीताई, आत्ताच्या आत्ता बंद करा. त्या झाडाचं पान, साल, बी, सगळं विषारी. हृदयाचे ठोके थांबवतं ते. औषधाचा पदार्थ वेगळा, विषाचा वेगळा, आणि पानात दोन्ही शेजारी शेजारी असतात." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "तुम्ही तर रसायनशास्त्राच्या."

छावणी

मी प्रभाकरांना बोलावले आणि सगळे सांगितले. म्हटले, "दादांना सांगा."

"आता? सगळ्यांसमोर? उद्या सकाळी शांतपणे बोलतो."

"उद्या सकाळी गयाबाई इथे नसेल."

"धनगरांना हिंडायची सवय असते," ते म्हणाले.

आजारपणात मी पुष्कळ काही ऐकून घेतले होते. हे ऐकून मी चपला घातल्या. केस नसलेल्या डोक्यावर पदर टिकत नाही, घसरतो. पायरीपर्यंत मी तो हाताने धरून ठेवला आणि मग सोडून दिला.

छावणीत पंधरावीस माणसे होती. दादा खाटेवर बसून एका सभासदाच्या हातात कागदाची पुडी देत होते. त्या माणसाच्या आईलाही माझाच आजार होता. "सकाळी एक चमचा, मधातून," ते सांगत होते. "दवाखान्यात घालू नको पैसा. आमच्या घरात गुण आलाय."

मी म्हटले, "दादा, कोकरू रोगानं मेलं नाही. मी पाला घातला म्हणून मेलं."

सगळे थांबले. मी त्यांच्याशी थेट बोलण्याची ती पहिली वेळ. दादांनी माझ्याकडे न पाहता माझ्या मागोमाग आलेल्या प्रभाकरांकडे पाहिले. "प्रभाकर, काय म्हणती ही?"

"त्यांना विचारू नका. मीच सांगते. हा पाला विषारी आहे. ही पुडी कोणाला देऊ नका."

"मंग तू कशी जिती हायेस?" आता ते माझ्याकडे पाहत होते.

"मी तीन चमचे खाल्ला. कोकरानं सूपभर."

"मॅडम शिकलेल्या हायेत, चेअरमनसाहेब," मागून एक जण म्हणाला.

"शिकलेल्यानंच पाला घातला म्हणं की बे," दुसऱ्याने उत्तर दिले, आणि काही जण हसले.

दादा हसले नाहीत. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता. "मी माझ्या भावाच्या बायकूला इष आणीन व्हय?" ते म्हणाले. त्यांनी त्या सभासदाच्या हातातली पुडी घेतली, उघडली, सगळी तळहातावर ओतली. "इष हाय ना? बघ मंग." आणि हात तोंडाकडे नेला.

मला वाटले होते ते दरडावतील, मला घरी पाठवतील. त्यांचा त्या पाल्यावर खरोखर विश्वास असेल, हे माझ्या हिशेबात नव्हते. मी पुढे झाले आणि त्यांच्या हातावर फटका मारला. जोरात. पुडीतली भुकटी दावणीच्या मातीत सांडली.

धाकट्या सुनेने चेअरमनांना मारले, असे गावात पुढे बरेच दिवस सांगितले जात होते. मारले हे खरे आहे.

पण त्या क्षणी मला तिथल्या गुरांच्या जिभा दिसत होत्या. मी खाली बसले आणि भुकटी मातीसकट ओरबाडून ओच्यात भरू लागले. बधिर बोटांना कुठे भुकटी आणि कुठे माती ते कळत नव्हते. कोणी पुढे आले नाही. मग गयाबाई शेजारी येऊन बसली आणि दोन्ही हातांनी माती खरवडून माझ्या ओच्यात टाकू लागली. काम संपल्यावर म्हणाली, "बाई, तुमी सांगितलं ते बरं केलं. पर घालायच्या आदी सांगायला पायजे हुतं."

दादा उठून घरात निघून गेले. गयाबाईने राहावे असे त्यांनी म्हटले नाही, जावे असेही पुन्हा म्हटले नाही. ती राहिली. आमच्याकडे निर्णय असेच होतात.

नंतर

उरलेला पाला प्रभाकरांनी खोल खड्डा करून पुरला. माती ओढताना ते म्हणाले, "मी तेव्हा तुझं म्हणणं तसंच सांगायला हवं होतं." मी "हो" म्हटले. एवढेच आमचे त्यावरचे बोलणे.

पुढच्या सत्राला मी डॉक्टरांना सगळे सांगितले. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, सत्र आठवडाभर पुढे ढकलले आणि संतापून विचारले, "सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलंत का?" मी म्हटले. "पहिल्या दिवसापासून तुम्ही माझ्या यजमानांशी बोलता. मी घरात काय गिळते ते मलाच माहीत असतं."

त्यानंतर ते खुर्ची माझ्याकडे वळवून बसू लागले. उरलेली तीन सत्रे नीट पार पडली. आज तपासण्यांत काही आढळत नाही. बोटांचे बधिरपण काहीसे राहिले आहे, लिहिताना पेन हातातून निसटते.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी मी राहिलेला अर्धा धडा इथे पुरा करते. झाडात औषध असते, याचा अर्थ झाड औषध असते असा होत नाही. झाडाने ते आपल्यासाठी बनवलेले नाही. स्वतःला खाणाऱ्यांना मारण्यासाठी त्याने शेकडो पदार्थ बनवले आहेत, त्यांतला एक वेगळा काढून, शुद्ध करून, मोजून बाटलीत भरायला अनेक माणसांची आयुष्ये गेली आहेत. पुडी आणणाऱ्याचे प्रेम खरे असले तरी पुडीतला पदार्थ बदलत नाही. डॉक्टर विचारत नसतील तर आपण होऊन सांगा. आणि नाही म्हणायचे असेल तर दुसऱ्याच्या तोंडून म्हणू नका.

दादा आणि मी आता थेट बोलतो. थोडेच बोलतो. पाल्याविषयी मात्र नाही. संस्थेच्या वार्षिक सभेत कोणीतरी त्यांना थट्टेने त्या पुडीविषयी विचारले. मी सभासदांत मागे बसले होते. दादा माइकवर म्हणाले, "झाड चांगलंच हुतं. इकणाऱ्यानं भेसळ केली."

लोकांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले आणि म्हटले, "दादा, भेसळ नव्हती. पाला अगदी शुद्ध होता. शुद्ध होता, म्हणूनच कोकरू मेलं."